गाडीच्या इंजिनात जास्त हवा कोंबायचे घरगुती उपाय: काही महिने वापरल्यानंतर

सध्या माझ्या गाडीच्या बॉनेटखाली काय उरलंय ते आधी सांगतो. ग्रिलच्या मागून फिल्टरच्या डब्यापर्यंत आलेला एक जाड पाइप, डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला उष्णता अडवणारा ॲल्युमिनियमचा आडपत्रा आणि आत कंपनीचाच कागदी फिल्टर. बाकीचं काढलं. हवा पुढे ढकलणारा इलेक्ट्रिक ब्लोअर गेला, समोरचा वारा आत घेणारा बंपरमधला स्कूपही गेला. गाडी 1.2 लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली साधी पेट्रोल. मी लिहिणार आहे ते जास्त करून काढलेल्या वस्तूंबद्दल, कारण जास्त हवा भरून ताकद वाढवायचे व्हिडिओ बघून माणूस सगळ्यात आधी त्याच आणतो.

हिशोब इंजिनाच्या भुकेपासून सुरू होतो. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपल्या मापाइतकी हवा ओढतं. म्हणजे 1.2 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला 3600 लिटर हवा मागतं. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात 3000 लिटर धरू. सेकंदाला 50 लिटर, वजनात साधारण 60 ग्रॅम. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते, म्हणजे जवळजवळ 12,000 लिटर. पेट्रोल काय, इंजेक्टर आणखी सोडू शकतो, गाडं अडतं ते हवेपाशी. त्यामुळे हवा कोंबायची कल्पना शंभर टक्के बरोबर आहे आणि फार जुनीही आहे. गॉटलिब डाइमलरने 1885 मध्ये हवा दाबून भरायचं पेटंट घेतलं, आणि वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखीने 1905 मध्ये नोंदवली. प्रश्न कल्पनेचा नाहीच. ती 50 लिटर हवा दर सेकंदाला दाबायला किती ताकद लागते, तिथे सगळं येऊन थांबतं.

मी लावलेला ब्लोअर 12 व्होल्टचा, साधारण 6 अँपिअर घेणारा. म्हणजे 72 वॅट. 'इलेक्ट्रिक टर्बो' म्हणून विकले जाणारे बहुतेक पंखे याच जातीचे असतात. बोटीतली कोंदट हवा बाहेर काढायचा पंखा आणि हा, आतून फारसे वेगळे नाहीत. आता गणित करा. सेकंदाला 60 ग्रॅम हवेचा दाब फक्त 10 टक्क्यांनी वाढवायचा म्हटला, तरी काहीही वाया न जाता 500 वॅट लागतात. खरा कॉम्प्रेसर, त्याची मोटर, वायर हे सगळं धरलं की आकडा किलोवॅटच्या घरात जातो. टर्बोसारखा अर्धा बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) जास्त दाब हवा असेल तर तीन किलोवॅटच्या वर, म्हणजे 12 व्होल्टवर अडीचशेपेक्षा जास्त अँपिअर. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्राला, हे झेपणारं नाही. 72 वॅट पूर्णच्या पूर्ण हवेत उतरले, एकही वाया गेला नाही, तरी दाब वाढणार जेमतेम दीड टक्का.

खरोखर चालणारा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर जगात आहे. ऑडीने 2016 च्या एसक्यू7 डिझेलमध्ये तो दिला. तो 7 किलोवॅटचा आहे आणि त्याच्यासाठी गाडीत वेगळी 48 व्होल्टची यंत्रणा बसवावी लागली. शिवाय त्याचं काम थोडाच वेळ, मोठे टर्बो वेग घेईपर्यंत. 7 किलोवॅट आणि 72 वॅट, फरक जवळपास शंभर पटींचा आहे. ब्लोअर घेण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

पण कागदावरच्या हिशोबावर माझं समाधान होत नव्हतं. मोजायचं ठरवलं, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट हीच. पारदर्शक प्लॅस्टिकची बारीक नळी घेतली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधली आणि तिच्यात निम्म्यापर्यंत शाई घातलेलं पाणी भरलं. एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाइपला जोडलं, दुसरं मोकळं ठेवलं. पाण्याच्या दोन पातळ्यांत 10 सेंटीमीटर फरक पडला की समजायचं साधारण एक किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा एक टक्का. मधे एक रिकामी बाटली जोडायला विसरू नका. ओढ जास्त झाली तर पाणी बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. मोकळा सरळ रस्ता बघितला, मित्राला शेजारी पट्टी धरून बसवलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून 5500 आरपीएमपर्यंत गाडी नेली. आकडे वाचायचं काम त्याचं, माझी नजर रस्त्यावर.

मूळ अवस्थेत फरक यायचा 25 सेंटीमीटरच्या आसपास, ओढीच्या बाजूला. म्हणजे हवा थ्रॉटलपर्यंत पोचायच्या आतच अडीच टक्के दाब वाटेत खर्च होत होता. ब्लोअर मधे बसवला आणि बंद ठेवला, तर हा फरक चाळिशीला गेला. सुरू केला, तर तिशीवर आला. यातच सगळं आलं. चालू ब्लोअरसुद्धा ब्लोअर नसण्यापेक्षा वाईट होता, कारण एवढी हवा जायला लागली की त्याची पाती आणि मधली मोटर वाटेतला अडसर होतात. गाडी आयडलवर, म्हणजे उभी आणि इंजिन नुसतं चालू, असताना मात्र तोच ब्लोअर तीन-चार सेंटीमीटर दाब वरच्या बाजूला दाखवायचा. विक्रीच्या व्हिडिओत गेज नेमका आयडललाच का दाखवतात ते इथे कळतं. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिनाला ती हवा नकोच असते.

चालवताना काय जाणवलं? आवाज. ब्लोअरची शिट्टी ऐकून पहिले काही दिवस गाडी जोरात वाटते, हे मी नाकारणार नाही. पण त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, ताशी 60 वरून 90 किलोमीटरला जायचा वेळ घड्याळ लावून बघितला तेव्हा ब्लोअर असताना गाडी किंचित मागेच पडत होती. ॲव्हरेजमध्ये काही फरक नाही. त्यात महिन्याभराने ब्लोअरच्या बेअरिंगचा खरखराट सुरू झाला, आणि मग मी जास्त वाट पाहिली नाही. पात्याचा तुकडा निघाला असता तर तो सरळ इंजिनाच्या दिशेने गेला असता, फिल्टरच्या पुढे त्याला अडवायला काहीच नव्हतं. हा पंखा फिल्टरच्या नंतर लावायला सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका.

स्कूपबद्दल लोकांच्या मनात फार मोठ्या अपेक्षा असतात. गाडी पळते, समोरून वारा येतो, तो नरसाळ्याने आत घ्यायचा. दिसायला बिनतोड. पण 100 च्या वेगाला समोरच्या वाऱ्याचा सगळा दाब मिळून जेमतेम 460 पास्कल होतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. 160 ला सव्वा टक्का. माझ्या नळीवर हा फरक महामार्गाच्या वेगाला चार सेंटीमीटर दिसला, म्हणजे स्कूप काम करत होता. मात्र त्या चार सेंटीमीटरसाठी मी बंपरच्या खालच्या भागात तोंड उघडून ठेवलं होतं, आणि पावसाळा तोंडावर आला होता. साचलेल्या पाण्यातून जाताना समोर उठणारी लाट स्कूपमध्ये शिरली तर सिलिंडरमध्ये पाणी येतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अर्ध्या टक्क्याच्या बदल्यात हा धोका घेणं मला पटलं नाही. पहिला पाऊस पडायच्या आत स्कूप काढला. आता हवा घ्यायचं तोंड कंपनीच्या जागेइतकंच उंच, बॉनेटच्या कडेजवळ आहे, आणि पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणाला पाणी गळून जायला छोटं भोक ठेवलंय. हे भोक फिल्टरच्या आधीच्या भागात आहे. नंतरच्या भागात एकही भोक चालणार नाही.

पाने उडवायच्या ब्लोअरबद्दलही विचारणा होते. पाठीवर घेऊन चालवायच्या मोठ्या पेट्रोल ब्लोअरमध्ये खरंच ताकद असते, तीन किलोवॅटपर्यंतची. पण तो वेगासाठी बनवलेला असतो, दाबासाठी नाही. शिवाय डिकीत दुसरं पेट्रोल इंजिन चालू ठेवून प्रवास करणं म्हणजे त्याचा धूर, कार्बन मोनॉक्साइडसकट, गाडीत घेणं. हा प्रयोग मी केला नाही आणि कुणी करू नये. दाबलेल्या हवेची टाकी जोडायची म्हटली तर तिचंही गणित बघा. 10 लिटरची टाकी 10 बारने भरली तर तिच्यात मोकळी अशी 100 लिटर हवा मावते. इंजिनाला ती दोन सेकंद पुरते.

आता जे ठेवलं त्याबद्दल. गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघायला लागलो, तेव्हा चित्र पालटलं. बाहेर 32 अंश असताना ट्रॅफिकमध्ये हळूहळू सरकताना इंजिन 60 अंशांच्या पुढची हवा ओढत होतं. फिल्टरचा डबा एक्झॉस्टच्या बाजूला, मूळचा हवेचा पाइप अरुंद, आणि त्याचं तोंड रेडिएटरच्या मागे, गरम हवेत. ते तोंड रेडिएटरच्या पुढे नेलं, पाइपचा व्यास वाढवला, मधे आडपत्रा लावला. आता त्याच परिस्थितीत आकडा चाळिशीच्या आत-बाहेर राहतो. 62 अंशांच्या हवेपेक्षा 36 अंशांची हवा आठ टक्क्यांनी दाट असते. ताकद तितकी वाढत नाही, साधारण निम्मीच वाढते, कारण हवा आत जाता जाता गरम भिंतींना लागून तापतेच. तरी चार टक्के म्हणजे ब्लोअर आणि स्कूप मिळून वरच्या हिशोबाने जास्तीत जास्त देतील त्यापेक्षा जास्त, आणि तेही एकही वायर न जोडता. शिवाय गरम हवेत नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसण्याच्या) भीतीने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे खेचतो, ठिणगी उशिरा टाकतो, ते कमी झालं. ट्रॅफिकमधून सुटून लगेच चढ लागला की गाडी पूर्वी जी मरगळायची ती आता मरगळत नाही. मोकळ्या रस्त्यावर मात्र फरक जवळजवळ शून्य, कारण वेगात असताना मूळ पाइपही बऱ्यापैकी थंड हवा घेत होता. नळीवरचा फरक 25 वरून 15 वर आला, तो जाड पाइपमुळे.

पाइपसाठी प्लंबिंगचा पीव्हीसी वापरू नका. बॉनेटखालच्या उष्णतेत तो मऊ पडतो, क्लॅम्पखाली दबतो आणि सांधा सुटतो. मी सरळ भागाला ॲल्युमिनियम आणि वळणांना सिलिकॉनची नळी वापरली. फिल्टर कंपनीचाच ठेवला. तेल लावायचे कापडी फिल्टर चांगले असतातही, पण तेल जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि ईसीयूला चुकीचा हिशोब जातो. फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढेल ही आशाही सोडा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये तपासलं, तर इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरनेसुद्धा ॲव्हरेज घटलं नाही, पिकअप मात्र घटला. ते पटण्यासारखंच आहे. कमी हवा आली तर ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो, आणि आपण ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो.

मूळ पाइपला जोडलेला एक रिकामा डबा असतो, रेझोनेटर. तो काढला की आवाज भारदस्त होतो म्हणून बरेच जण काढतात. मी काढून बघितला, खालच्या आरपीएमला गाडी जरा ढिली वाटली, परत लावला.

कुणाला खराच बूस्ट, म्हणजे दाबून भरलेली हवा, हवा असेल, स्क्रॅपमधला टर्बो आणून बसवायचा असेल, तर हवा हा त्यातला सोपा भाग आहे. हवा वाढली की पेट्रोल वाढायला हवं. साध्या गाडीचा दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या थोडं वरपर्यंतच वाचतो, त्यापुढचं त्याला दिसतच नाही, आणि पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण, जास्त दाब आणि तापलेली हवा हे तिन्ही जमले की नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडतं. अर्धा बार दाबाने हवा पन्नास-साठ अंशांनी तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर लागतो. टर्बोला तेलाची लाइन, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं नवं मॅपिंग, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये तर नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारावं लागायचं, आणि ती कारखान्यातून आलेली गाडी होती. हे काम करणारा अनुभवी माणूस हाताशी असेल तरच त्यात हात घाला, आणि त्याआधी वॉरंटी आणि विम्याच्या अटी वाचा.

एवढी मेहनत न करता काही मिळवायचं असेल, तर आधी ती पाण्याची नळी बनवा आणि ओबीडीवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा. काही गाड्यांत मूळ पाइप इतका नीट दिलेला असतो की बदलण्यासारखं काही सापडत नाही, तिथे तसंच राहू द्या. माझ्या जोडणीत आता सर्व्हिसिंगला दोनच कामं वाढली आहेत. सिलिकॉन नळीचे क्लॅम्प हाताने हलवून बघायचे, आणि ग्रिलमागच्या तोंडाची जाळी काढून त्यात अडकलेली पानं, किडे झटकायचे. गेल्या वेळी जाळी निम्मी भरली होती.