इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०? चोर्ला घाटात दोन्ही वापरून

गाडी १२०० सीसीची पेट्रोल, आता १,२८,००० किलोमीटर झालेली. घर जांबोटीला, काम बेळगावात उद्यमबागेत, आणि महिन्यातनं दोनदा गोव्यात साखळीला सासुरवाडी, म्हणजे चोर्ला घाट. पाच माणसं आणि डिकीत रताळ्यांचं पोतं. येताना घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच चढतो. हे आधी सांगतोय, कारण गाडी कुठं आणि किती वजन घेऊन पळते हे बघूनच ऑइल ठरवावं.

माझ्या गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० पहिलं दिलंय, ५डब्ल्यू-३० चालेल म्हटलंय. गेल्या हिवाळ्यात एका गॅरेजवाल्यानं मला न विचारता ड्रममधलं २०डब्ल्यू-४० भरलं. "गाडी जुनी झाली की ओ, जाडच बरं." जानेवारीत पहाटे साडेपाचला स्टार्टर मारला की टॅपेटची, म्हणजे वरच्या व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची टकटक चार-पाच सेकंद चालायची. तेवढा वेळ वरच्या भागाला ऑइल पोचत नाही, हे ऐकताना पोटात कालवायचं. दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत कसंबसं चालवलं आणि सोडून टाकलं. शिवाय या इंजिनातलं व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या दाबावर हलतं, तिथं भलतं जाड ऑइल कशाला?

इथं एक गैरसमज फार आहे, की डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान म्हणजे ऑइल कायम पातळच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, इंजिन गार असताना ऑइल किती चटकन वाहतं त्याचा. नंतरचा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंशांना २० ग्रेडची विस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक्सच्या आत. ३० ची ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३. म्हणजे ०डब्ल्यू-४० नावाला पातळ वाटलं तरी तापल्यावर २०डब्ल्यू-४० च्याच पंगतीला बसतं. घाटात बेअरिंगवर भार येतो तेव्हा मात्र वेगळा आकडा बघायचा: १५० अंशांवर, जोरात घासलं जात असताना उरणारा जाडपणा. त्यात २० ला किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद लागतो, ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूतल्या ३० ला २.९. तापलेल्या घाटात हाच फरक ऑइलच्या थराला धरून ठेवतो.

दोन्ही फुल सिंथेटिक, प्रत्येकी ५,००० किलोमीटर, एकाच पंपावर टाकी फुल ते फुल. ०डब्ल्यू-२० वर १८.६ अॅव्हरेज, ५डब्ल्यू-३० वर १८.३. त्या ड्रमवाल्या ऑइलवर १७.७ होतं. पातळ ऑइलनं ५,००० किलोमीटरला वाचलं ते साधारण साडेचार लिटर पेट्रोल. वाचलं हे खरं, पण माझ्या इंजिनानं तेवढ्यात ०डब्ल्यू-२० चं ६०० मिली पिऊन टाकलं. ५डब्ल्यू-३० चं २५० मिली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. पेट्रोलमध्ये वाचवलेलं निम्मंअधिक ऑइलच्या टॉपअपमध्ये गेलं, आणि कणकुंबीला ऑइल मोजायची काडी काढून पुसून बघितली तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. घाटाच्या तोंडाशी ते बघून मला घाम फुटला.

म्हणून माझ्यासाठी ५डब्ल्यू-३०. नवी गाडी, बेळगाव-खानापूर किंवा पुणे हायवेचीच धाव, पुस्तकात ०डब्ल्यू-२०, तर बिनधास्त तेच घाला. तिथं जाड घालून काही मिळवत नाही. बाईकवाल्यांनी मात्र हे कारचं ऑइल घालू नये, क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, सटकायला लागतो. जासो एमए, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचच्या बाईकसाठीचा दर्जा, लिहिलेलं घ्या.

सीलबंद कॅन तुम्हीच घेऊन जा आणि झाकण तुमच्यासमोर फोडायला लावा. माझ्या साडेतीन लिटरच्या कॅनातलं चारशे मिली उरलं, ते डिकीत रताळ्यांच्या पोत्याशेजारी उभं ठेवलंय.