विक्री-अहवालांसाठी पोस्टग्रेसक्यूएल: वापरानंतरचे परीक्षण

औषधांच्या घाऊक व्यापाराचे अहवाल बिलिंगच्या चालू डेटाबेसवरून काढणे थांबवून त्यासाठी पोस्टग्रेसक्यूएलमध्ये स्वतंत्र डेटा वेअरहाउस (केवळ अहवाल व विश्लेषणासाठीचा वेगळा साठा) उभारल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मध्यम आकाराच्या व्यवसायाने महागड्या क्लाउड सेवेकडे वळण्यापूर्वी या मोफत डेटाबेसचा गांभीर्याने विचार करावा. १९८६ साली बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो घडला असून, २००९ पासून त्यात विंडो फंक्शन्स (एका ओळीचा हिशेब तिच्याशी संबंधित इतर ओळींसह करणारी फंक्शन्स) असल्याने चढती बेरीज किंवा गतवर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना साध्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारण्याच्या भाषेत) होते.

मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय मात्र फारशी चर्चेत नसते. एखाद्या दुकानाचा विक्री प्रतिनिधी वर्षाच्या मध्यात बदलला की बिलिंगच्या मास्टरमध्ये (दुकानांच्या मूळ यादीत) जुने नाव जाऊन नवे येते, आणि मग मागच्या महिन्यांची विक्रीही नव्या प्रतिनिधीच्या नावावर दिसू लागते. इन्सेंटिव्ह या आकड्यांवर ठरत असेल, तर जुन्या माणसावर तो सरळ अन्याय आहे. वेअरहाउसमध्ये अशा प्रत्येक बदलासाठी वेगळी ओळ ठेवतात आणि ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे नोंदवतात. पोस्टग्रेसमध्ये हा कालावधी ‘डेटरेंज’ या एकाच कॉलममध्ये बसतो आणि ‘एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट’ लावल्यास एकाच दुकानाचे दोन कालावधी एकमेकांवर आले तर डेटाबेस स्वतःच ती नोंद नाकारतो. हे काम प्रोग्रामरच्या दक्षतेवर सोडावे लागत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तारखांचे वेगळे टेबल मात्र अवश्य करावे, कारण डेटाबेसच्या लेखी जानेवारी ते मार्च ही पहिली तिमाही असते आणि आपल्या आर्थिक वर्षात ती चौथी असते.

वेगाबाबत थोडी मेहनत घ्यावी लागते. ‘वर्क_मेम’ची, म्हणजे सॉर्टिंगसारख्या कामाला मिळणाऱ्या मेमरीची, मूळ मर्यादा अवघी ४ एमबी असल्याने मोठ्या अहवालाचे सॉर्टिंग डिस्कवर जाते; क्वेरी कशी चालली हे दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’मध्ये ‘एक्सटर्नल मर्ज’ असे दिसले की हेच घडले आहे असे समजावे. ही मर्यादा सरसकट न वाढवता केवळ अहवालाच्या सेशनपुरती (त्या एका जोडणीपुरती) वाढवावी, कारण ती प्रत्येक सॉर्टला स्वतंत्रपणे लागू होते आणि एकाच क्वेरीत असे अनेक सॉर्ट असू शकतात. बिले तारखेच्या क्रमाने भरली जात असतील, तर ‘ब्रिन’ इंडेक्स (ओळींच्या प्रत्येक गटातील किमान व कमाल मूल्येच ठेवणारी शोधसूची) अत्यंत कमी जागेत उत्तम काम देतो.

दोन उणिवा खऱ्या आहेत. साठवण ओळीनुसार असल्याने दोनच कॉलमांची बेरीज हवी असली तरी संपूर्ण ओळी वाचाव्या लागतात, आणि कोट्यवधी ओळींवर हा फरक स्पष्ट जाणवतो. शिवाय मटेरिअलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचे साठवून ठेवलेले उत्तर) ताजा करताना त्याची क्वेरी प्रत्येक वेळी पहिल्यापासून चालते. ‘कन्करंटली’ (वाचन न थांबवता ताजे करण्याचा पर्याय) न वापरल्यास तोवर वाचणाऱ्यांनाही थांबावे लागते, आणि ते वापरायचे तर व्ह्यूवर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा) लागतो.

डेटा मायनिंगसाठी (डेटातील दडलेले नमुने शोधण्यासाठी) सहसंबंध, मध्यक आणि रिग्रेशनचा (कल दाखवणाऱ्या रेषेचा) उतार काढणारी फंक्शन्स मुळातच आहेत. कोणती औषधे एकाच बिलात सोबत जातात हे बिलाचे टेबल त्यालाच जोडून कळते; परंतु दोनांऐवजी तीन-चार औषधांचे गट शोधायचे असतील, तर निवडक डेटा बाहेर काढून पायथॉनमध्ये काम करणेच श्रेयस्कर.