चकाचे मॅग्नेटवाले पॅड: स्टीलला झकास, बीडाला डोकेदुखी

फिनिश झालेला शाफ्ट लेथच्या चकात उलटा धरला की बेअरिंग बसायच्या जागेवर जॉचे, म्हणजे चकाच्या पकडणाऱ्या दातांचे, वळ उठतात, हे लेथवाल्यांना सांगायला नको. गोकुळ शिरगावच्या एका पार्टीने त्याच वळांवरून अख्खा लॉट परत धाडला, तेव्हा जॉवर मॅग्नेटने चिकटणारे हे ॲल्युमिनियमचे पॅड मागवले. सॉफ्ट जॉ, म्हणजे बदलता येणारे मऊ जॉ, मापाला बोर करून वापरा म्हणू नका. आमच्या जुन्या चकाचे जॉ अखंड आहेत, वरचा भाग सुटतच नाही.

सुरुवातीला लई खूश होतो. आधी जॉच्या आत तांब्याच्या पट्ट्या लावायचो. एका हातात जॉब (कामाचा तुकडा), दुसऱ्यात चावी, मग पट्ट्या काय दातात धरायच्या? पॅड टचकन चिकटतात. ईएन-८ स्टीलच्या शाफ्टवर ओरखडासुद्धा नाही.

मग बीडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, काम आलं. कोल्हापुरात फाउंड्र्या एवढ्या, ते येणारच. बीडाचा भुगा मॅग्नेटवर साळिंदरासारखा उभा राहतो. एअर मारली तर हलत नाही, कापडाने पुसला तर पसरतो. चिकटपट्टी दाबून ओढली तरच निघतो. एका पॅडमागे जरी चिमूटभर राहिला तरी जॉब किती डगमगतो ते दाखवणारी डायल सहा-सात शतांश मिलिमीटर फिरते. दर जॉबला चिकटपट्टी? पोरगं मशीन चालवणार की पॅकिंग करणार? विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर म्हणतो, "सर, स्वच्छ ठेवा." मशीन शॉप आहे बाबा, देवघर नव्हे.

आता बीडाला भंगारातल्या ॲल्युमिनियम पाइपची रिंग वापरतो. जॉबच्या मापाला बोर केली, एक नंबरच्या जॉसमोर पंचने खूण केली, हॅकसॉने एका जागी चिरली. चीर दोन जॉच्या मध्ये ठेवायची आणि पंचची खूण कायम एक नंबरच्या जॉलाच. दाब गोल पसरतो, वळ येत नाही. प्रत्येक मापाला वेगळी रिंग लागते खरी, पण भंगाराला कोण पैसे मागतंय?

तांब्याच्या पट्ट्याही फेकू नका. दाबून दाबून त्या कडक होतात आणि मग त्याच वळ पाडतात. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकल्या की पुन्हा मऊ.

पॅड स्टीलच्या कामाला आजही लावतो. फक्त आधी नखाने चाचपून बघा, ॲल्युमिनियममध्ये रुतलेली कपची पुढचा जॉब खराब करते. मॅग्नेटऐवजी बारीक स्क्रू दिला असता तर पाच स्टार दिले असते. तीन देतो, त्यातला एक कुरिअर वेळेत आलं म्हणून.