‘शंभर टक्के नर’ तिलापिया: शेततळेवाल्यांनो, बीज घेताना सांभाळा

आमच्या सांगोल्याकडे डाळिंबासाठी केलेली शेततळी गावोगाव आहेत. त्यात मासे सोडा म्हणून गळ घालत फिरणारेही आता कमी नाहीत. अशाच एका बीजवाल्याने मला तिलापिया माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दिली. ‘ही उजनीतली चिलापी नव्हे. गिफ्ट तिलापिया, सगळे नर,’ असं छातीठोक सांगून, आणि दरही नराचाच लावून. (चिलापी म्हणजे उजनी धरणात वाढणारी तिलापियाच; गिफ्ट ही तिची जलद वाढणारी सुधारित जात.)

नर कशाला, तर मादी पन्नासेक ग्रॅमची झाली की अंड्यावर येते. अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, तोवर धड खात नाही. मग तळं पिल्लांनी भरतं, खाद्य तीच फस्त करतात आणि मोठा मासा वाढायचा थांबतो. म्हणून हॅचरीत इवल्या पिल्लांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन नर करतात. ते न करताच बीज विकलं, तर बोटुकलीकडे बघून कुणाला काय कळणार?

मोजणीही बघण्यासारखी. पहिली चाळणी गच्च भरून माझ्यासमोर मोठ्याने मोजली. पुढच्या अर्ध्यामुर्ध्याच, पण हिशेब पहिलीच्याच आकड्याने.

मासा वाढेना तेव्हा फोन केला. ‘खाद्य कमी पडतंय, वाढवा.’ तरंगत्या खाद्याची पोतीही हाच विकतो, हे वेगळं सांगायला नको. शेवटी भिगवणकडच्या एका मच्छीमाराने जाळं टाकलं, एक मासा उचलला आणि अंगठ्याने जबडा उघडला. त्याच्या तळहातावर मोहरीहून जाड अशी पिवळी अंडी घरंगळली. मासा उलटा करून त्याने खूणही दाखवली: पोटाखाली नराला दोन छिद्रं, मादीला तीन. जाळ्यातल्या निम्म्याशिम्म्या माद्याच निघाल्या.

बीजवाल्याचं उत्तर: ‘तुमचं पाणी खराब.’ पावतीवर नुसतं ‘मत्स्यबीज’. जात नाही, नर नाही, हॅचरीचं नाव नाही. आता तक्रार कशावर करायची?

तिलापियाला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते आणि बीज मान्यताप्राप्त हॅचरीचंच हवं. तेव्हा हॅचरीचा कागद आधी मागा, पावतीवर ‘एकलिंगी नर’ लिहून घ्या, प्रत्येक चाळणी मोजायला लावा. जमलं तर थोडे पैसे राखून ठेवा आणि मासे तीस-चाळीस ग्रॅमचे झाले की दहा-वीस उलटे करून बघूनच द्या. सरमिसळ आधीच झाली असेल, तर पिल्लं खायला मरळ सोडतात. मी मात्र तळं पार उपसून तळाचा प्लास्टिक कागद वाळवलाय, यंदा रोहू-कटला.