ओब्यूसाँची टॅपेस्ट्री: काही महिने भिंतीवर राहिल्यावर

१९६०च्या आसपासची, फ्रान्समधल्या ओब्यूसाँची, हाताने विणलेली टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र. दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच, सुती ताणा (मागावर ताणलेले धागे) आणि लोकरीचा बाणा (त्यांतून विणलेले रंगीत धागे). काळ्या पार्श्वभूमीवर पिवळा कोंबडा.

रंगांना तोड नाही. फ्रेंच चित्रकार झाँ ल्यूर्सा यांनी मोजक्याच रंगांना आकडे देऊन आराखडे काढायची पद्धत रुजवली आणि ओब्यूसाँची विणकामाची परंपरा पुन्हा उभी राहिली. पिसाच्या कडेला काळ्या आणि पिवळ्या लोकरीचे अणकुचीदार दात एकमेकांत घुसवलेत. दोन पावलं मागे गेलं की तिथे तिसरी छटा दिसते. छापील चित्रात ही मजा नाही.

खरी गोम टांगण्यात आहे. असं चित्र बहुधा मागावर आडवं करून विणतात, त्यामुळे भिंतीवर ताणा आडवा येतो आणि सगळा भार बाण्यावर पडतो. दोन रंग ताण्याला समांतर भेटतात तिथे फट राहते. ती हाताने शिवलेली असते. जुना दोरा कुजला की फट वजनाने उघडते. आधीच्या मालकाने वर मोजक्या कड्या लावल्या होत्या. पंखाखालची फट नेमकी एका कडीच्या खाली उसवली.

उपाय वेल्क्रोचा. ५ सेंटिमीटर रुंद पट्टीची मऊ बाजू आधी सुती फितीवर शिवायची, मग ती फीत वरच्या काठाला हाताने. हुकांची खरखरीत बाजू भिंतीवरच्या लाकडी पट्टीला स्टेपल करायची. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे दाबत जायचं. काठ वाकडा असला तरी जागेवर सरळ करता येतो. अस्तराचं सुती कापड आधी धुवून आटवून घ्या आणि खालची कड मोकळी ठेवा, नाहीतर दमट हवेत टॅपेस्ट्रीला चुण्या पडतात.

ऊन थेट नको, रेडिएटरच्या वरची भिंतही नको. व्हॅक्यूम सर्वांत कमी जोरावर, मध्ये जाळी धरून. कसर मागच्या अंधारात लागते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी काठ उचलून अस्तर बघाच.

घेताना मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. खालच्या कोपऱ्यात बोल्द्यूक ही कापडी चिठ्ठी असते: चित्राचं नाव, चित्रकाराची सही, माप, प्रतीचा क्रमांक. फ्रेंच नियमाप्रमाणे मूळ कलाकृती म्हणून जास्तीत जास्त ८ प्रती धरतात. लोकरीवर छापलेल्या टॅपेस्ट्रींवरही क्रमांक असतात, पण त्यांची पाठ फिकट असते. विणलेलीचा रंग मागेही तितकाच गडद, आणि अस्तर उचललं की धाग्यांची टोकं हाताला लागतात.