कस्टम प्रॉपर्टीवरून फाइल शोधणे: आठ महिन्यांनंतर

फाइलच्या नावातच पक्षकार, विभाग, मुदत असं सगळं कोंबून नावं मालगाडीएवढी लांब झाली, तेव्हा मी कस्टम प्रॉपर्टीकडे, म्हणजे फाइलसोबतच साठवायच्या, आपण स्वतः नाव दिलेल्या माहितीच्या घरांकडे वळले. करारांच्या नऊशेक वर्ड फाइल्स. अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमधल्या कस्टम टॅबवर जायचं, नाव द्यायचं, प्रकार निवडायचा आणि माहिती भरायची. मी 'करार क्रमांक', 'मुदत' आणि 'नूतनीकरण' अशी तीन घरं ठेवली. डॉकप्रॉपर्टी फील्ड (प्रॉपर्टीतली माहिती दाखवणारी जागा) टाकलं की तोच क्रमांक मजकुरातही उमटतो. फील्ड ताजं करायला एफ९ दाबायचं तेवढं विसरू नका.

फजिती झाली ती शोधताना. फाइल एक्सप्लोररला शीर्षक, लेखक, टॅग कळतात. मी बनवलेल्या 'मुदत'चा त्याला पत्ताच नाही. तिचा कॉलमही लावता येत नाही. पहिले दोन महिने मी विंडोजचा इंडेक्स (शोधासाठीची यादी) पुन्हापुन्हा तयार करत बसले, उगाच.

डॉकएक्स, म्हणजे वर्डची आताची फाइल, मुळात झिप (अनेक फाइल्सचं गाठोडं) असते हे कळलं आणि वाट सापडली. आत डॉकप्रॉप्स फोल्डरमध्ये कस्टम.एक्सएमएल असते, आपण भरलेलं सगळं तिच्यात. एका सहकाऱ्याने पायथन भाषेत छोटी स्क्रिप्ट (प्रोग्रॅम) लिहून दिली. ती रोज रात्री फोल्डर चाळून एक्सेलचा तक्ता बनवते, सकाळी फिल्टर लावला की झालं. पासवर्ड लावलेल्या फाइल्स मात्र तिच्या हाती लागत नाहीत, कारण पासवर्ड लावला की फाइल झिप उरतच नाही. जुन्या डॉक फाइल्सही झिप नसतात, त्याही सुटतात.

पण खरा त्रास आमच्याच हातांचा. कुणी 'नूतनीकरण' लिहितं, कुणी 'नुतनीकरण'. क्रमांक कुणी मराठी आकड्यांत टाकतं, कुणी इंग्रजी. 'कर्मचाऱ्यांचा' मधला अर्धा र तर दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला हुबेहूब, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही! 'मुदत' मजकूर म्हणून ठेवली हा माझा स्वतःचा गाढवपणा: क्रम लावला की पुढच्या वर्षीचा ०१/०२ या वर्षीच्या ०५/११ च्या आधी येऊन बसायचा. सगळ्या फाइल्समध्ये प्रकार बदलून तारीख करावा लागला.

आणखी एक. बाहेर पाठवण्याआधी डॉक्युमेंट इन्स्पेक्टर (फाइलमधली लपलेली माहिती काढून टाकणारी वर्डची सोय) चालवायचा असेल तर प्रतीवर चालवा. मी मूळ फाइल्सवर चालवला आणि चाळीसेक करारांच्या प्रॉपर्टी साफ धुऊन निघाल्या.

आता करार क्रमांक टॅगमध्येही टाकते, म्हणजे एक्सप्लोररलाही मिळतो. बाकीचं तक्त्यातून. शंभरेक फाइल्स भरायच्या अजून बाकी आहेत.