वेंगुर्ल्यात डिजिटल पियानो: चौदा महिन्यांनंतर

आधीच सांगते, हा पियानो हौसेचा नाही, पोटापाण्याचा आहे. हिंजवडीत अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, संध्याकाळी पियानोच्या क्लासला जाऊन एकेक करत आठवीपर्यंतच्या ग्रेड परीक्षा दिल्या, आणि मग राजीनामा देऊन वेंगुर्ल्याला घरी शिकवायला बसले. पगाराची आठवण महिन्याच्या एक तारखेला अजून येते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

खरा पियानो का नाही घेतला, असं सगळे विचारतात. त्यात दोनशेच्या वर तारा असतात, त्यांचा मिळून ताण काही टनांचा, आणि खाली लाकडाचा साउंडबोर्ड. आमच्याकडे जुलैत डब्यातून काढलेला पापड पाच मिनिटांत मऊ पडतो. हवेतल्या ओलीने ते लाकूड फुगतं आणि सूर चढतो, उन्हाळ्यात परत उतरतो. दरवेळी ट्यूनर कुठून आणू? हा डिजिटल जेमतेम १२ किलोचा, एकटीने उचलता येतो.

पट्ट्या ८८, वजनदार, खर्जाकडे जड आणि तारसप्तकाकडे हलक्या होत जाणाऱ्या. चौदा महिने रोज चार तास वाजूनही त्यांचं वजन तसंच आहे. पैसे वसूल झाले ते इथेच.

हे वजन म्हणजे काय, ते मला खरं कळलं एका भजनी बुवांमुळे. वय साठीच्या पुढे, पेटीवर हात तयार. पहिल्या दिवशी पियानोला मागून पुढून बघितलं आणि म्हणाले, "बाय, ह्येका भातो खंय असा?" पेटीत पट्टी जोरात दाबा की अलगद, आवाजाचा जोर ठरतो भात्यावर. इथे भाता नाही, जे काय ते बोटात. बुवांचा उजवा हात सरसर चालायचा, पण सगळे स्वर एकाच जोराने. डावा हात पट्ट्यांवर ठेवला की आपोआप पुढेमागे हलायचा, भाता मारल्यासारखा!

सांगून पटेना, तेव्हा जुनी नोकरी कामाला आली. पियानो यूएसबीने लॅपटॉपला जोडला की मिडीमधून (वाद्य आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) प्रत्येक स्वराचा क्रमांक आणि पट्टी किती वेगाने दाबली त्याचा आकडा मिळतो, १ ते १२७. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वीसेक ओळी लिहून ते आकडे स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आणले. बुवांचे आकडे ९५ ते १०५. दीड महिन्याने पहिल्यांदा ४० दिसले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाजवून बघितलं. आता लहान मुलांनाही हाच खेळ देते. मिडी १९८३ पासून आहे, पण मी स्वतः शिकले त्या क्लासात त्याचा असा उपयोग कुणी केला नव्हता.

आता तक्रारी. पहिल्याच पावसाळ्यात ६४ क्रमांकाचा स्वर, म्हणजे मधल्या सीच्या वरचा ई, हळू दाबला तरी मधूनच १२७ ने किंचाळायला लागला. मी सवयीप्रमाणे तारीख, वेळ, आकडे असा नीट बग रिपोर्ट करून पियानोच्या कंपनीला पाठवला. उत्तर आलं: बंद करून परत चालू करा. (अकरा वर्षं मीही लोकांना हेच ऐकवलं असणार.) तीन आठवड्यांनी माणूस आला, पट्टीखालच्या रबराचे संपर्क साफ केले, पाऊण तासात काम झालं. ओलाव्याचा दोष वॉरंटीत बसत नाही म्हणून पैसे मात्र घेतले. तेव्हापासून प्लास्टिकचं कव्हर काढून सुती चादर घालते. प्लास्टिकखाली घाम धरतो.

दुसरी गोष्ट वीज. ग्रेडची परीक्षा आता व्हिडिओ पाठवूनही देता येते. आमच्या परीक्षेत चार रचना सलग वाजवायच्या, मध्ये कापाकापी चालत नाही. माझी विद्यार्थिनी तिसऱ्या रचनेत रंगली होती आणि लाइट गेली. पियानो गप्प, मोबाइल मात्र तिचा चेहरा रेकॉर्ड करतोय. दुसऱ्याच दिवशी राउटरला लावतात तसला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. घेताना पिन आणि प्लस-मायनस तुमच्या अ‍ॅडाप्टरशी जुळतात का ते तपासा.

स्पीकर बेताचे. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की खर्ज ऐकूच येत नाही, मग हेडफोन. आणि सोबत मिळणारं पेडल म्हणजे निव्वळ थट्टा. लादीवरून घसरत घसरत भिंतीला जाऊन टेकतं, मागून पाय लांब करत पोरगं. मी खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय.

परत घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. पेडल मात्र त्याच दिवशी वेगळं, जड बुडाचं मागवेन.